नेगेले यांच्या घरातले पाच हिरवे दिवे

आमच्या घराच्या तळमजल्यावर राहणारे ऑयगेन नेगेले निवृत्त होईपर्यंत विजेचे मीटर वाचायचं काम करत. दक्षिण जर्मनीत, वरच्या श्वाबियातल्या आमच्या खोऱ्यात असं एकही तळघर नसेल जिथे ते वाकून उतरले नाहीत. वर दारात सगळेच हसून स्वागत करतात, पण माणूस खरा कळतो तो खाली, बटाट्यांच्या पेटीशेजारी, मीटरची चकती किती वेगाने फिरते त्यावरून, असं त्यांचं मत होतं. आमच्या पाद्रीबाबांची चकती भिंगरीसारखी पळते, म्हणून संयमावरचं त्यांचं प्रवचन नेगेले कधी मनावर घेत नसत. दंतवैद्याच्या बायकोशी ते आयुष्यभर अदबीने वागले, पण अंतर राखून. तिच्याकडे तीन कढया मावतील एवढी भट्टी होती आणि ती तिच्यात पाव गरम करायची.

त्यांच्या स्वतःच्या घरात प्रत्येक वस्तू लाल बटण असलेल्या विजेच्या पट्टीला जोडलेली होती. टीव्ही, रेडिओ, कॉफीचं यंत्र, पलंगाशेजारचा दिवा. बाहेर पडताना आणि झोपताना ते एकेक पट्टी बंद करत फिरत, चर्चमधला सेवेकरी मेणबत्त्या विझवत जातो तसे. त्यांची बायको गेर्लिंडे हयात असताना मला म्हणायची, "मी गेले ना अम्ब्रोसबाई, की आधी माझ्या उशाची पट्टी बंद करतील आणि मगच पाद्रीबाबांना बोलावतील." ती हे तक्रार म्हणून सांगायची नाही. तिला नवऱ्याचं कौतुकच होतं.

गेर्लिंडे जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी उली लग्न करून पार उत्तरेला, कीलला गेली. नेगेले एकटे मसूर शिजवायचे, जिना झाडायची पाळी आली की कोपरे न् कोपरे झाडायचे, आणि माझी पाळी असली की मी गेल्यावर हळूच येऊन कोपरे पुन्हा झाडायचे. मला ते ऐकू यायचं. मठातल्या शाळेत आम्हाला शिकवलं होतं की दुसऱ्याच्या हालचालींकडे कान लावू नये. पण आमच्या जिन्यात आवाज घुमतो, त्याला मी काय करणार.

अशा माणसाच्या मनात पुन्हा संसार करायचं येईल असं मला वाटलं नव्हतं. ते आलं रोसविटा क्नोल यांच्यामुळे.

रोसविटाबाई टेकडीपलीकडच्या गावात राहतात. त्यांच्या नवऱ्याचं बटणं आणि दोऱ्यांचं दुकान होतं. नवरा गेला, दुकान विकलं, आता त्या वरच्या मजल्यावर एकट्या असतात. नेगेले दर वर्षी त्यांचा मीटर वाचायला जायचे आणि एरवी न बोलणारा हा माणूस आमच्या जेवणाच्या टेबलावर त्या घराबद्दल बोलायचा. "अहो, चकती फिरते का नाही ते बघायला मी चष्मा पुसला," असं ते माझ्या यजमानांना सांगायचे. "मला वाटलं मीटर बिघडला. बिघडला नव्हता. बाई तशाच आहेत."

या वर्षी उन्हाळा संपता संपता चर्चमध्ये ज्येष्ठांची कॉफी होती. तिथे त्या दोघांची खुर्चीला खुर्ची लागली. मी समोरच होते. आलुबुखाऱ्याचा केक संपवून नेगेले यांनी काटा सरळ ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "रोसविटाबाई, मी हिशेब करून पाहिला. तुमच्याकडे एक फ्रिज, माझ्याकडे एक फ्रिज. दोन्ही अर्धे रिकामे. दोन शेगड्या, दोन गिझर. एकाच माणसासाठी दिवा लावला काय आणि दोघांसाठी लावला काय, जळतो तेवढाच."

रोसविटाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "म्हणजे नक्की काय म्हणताय?"

"माझ्याकडे उन्हाची खोली रिकामी आहे, एवढंच म्हणतोय."

शेजारच्या टेबलावरचे चमचे थांबले. रोसविटाबाईंनी पर्सचं तोंड उघडलं, बंद केलं. "असं केकवर उत्तर देता येत नाही," त्या म्हणाल्या. "मी विचार करते आणि फोन करते."

"नंबर आहे ना?"

"मीटरच्या दारावर तुम्हीच चिकटवून ठेवलाय, तक्रारीसाठी म्हणून. अजून आहे."

घरी आल्यावर नेगेले दारात मला म्हणाले, "अम्ब्रोसबाई, ती म्हणाली अजून आहे." मी म्हटलं, हो, ऐकलं मी.

त्याच आठवड्यात टेलिफोन कंपनीचं पत्र आलं. जुनी तांब्याची तार बंद होणार, यापुढे घरचा फोन इंटरनेटवरून चालेल, नंबर तोच राहील, सोबत येणारा डबा ग्राहकाने स्वतः जोडायचा. नेगेले ते पत्र घेऊन वर आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

"आत्ताच कशाला? चाळीस वर्षं ती तार नीट होती."

"नंबर तोच राहील असं लिहिलंय ना," मी म्हटलं. "मग काय हरकत आहे?"

"आणि मधल्या वेळात तिने केला तर?"

डबा आला तो पुठ्ठ्याच्या खोक्यात, जाड माहितीपुस्तिकेसह. नेगेले यांनी ती पहिल्या पानापासून वाचली. डबा आंघोळीच्या टबात वापरू नये, डबा गिळू नये, डब्यावर कुंडी ठेवू नये. जोडायचं कसं ते शेवटच्या पानावर होतं आणि तिथपर्यंत पोचेपर्यंत दिवस मावळला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा जुना फोन मेलेला होता. मग उलीने माझ्या नंबरवर फोन केला.

माझ्याकडे हा बदल आधीच झालेला आहे. भाची येऊन सगळं कपाटात बसवून गेली आणि तेव्हापासून मी त्या कपाटाचं दार उघडलेलं नाही. माझा बिनतारी फोन जिन्याच्या वळणापर्यंतच ऐकू येतो, त्यापुढे खरखर. म्हणून मी वळणावर उभी राहिले, नेगेले खाली दार उघडं ठेवून गुडघ्यांवर बसले, आणि उली कीलहून सांगू लागली.

"काकू, बाबांना सांगा, करडी वायर भिंतीत लावायची."

"करडी वायर भिंतीत," मी खाली ओरडले.

"भिंतीत कुठे?"

"जिथे जुन्या फोनची आहे तिथे."

"तिथे जुन्या फोनची आहे."

"ती काढा म्हणते."

"ती का काढायची? ती चांगली आहे."

"बाबा, ती आता मेली आहे," उली माझ्या कानात म्हणाली. "म्हणूनच तर आपण हे करतोय."

मी हे खाली कळवलं. मग वायर निघाल्याचा आवाज आला. त्यानंतर फोनची वायर डब्याच्या मागे लावायची होती. डब्याच्या मागे भोकं बरीच होती आणि नेगेले यांनी प्रत्येक भोकाची चौकशी केली. पिवळं कशाला? ते आपल्याला लागत नाही. मग दिलं कशाला? उलीने मला विचारलं, काकू, तुमच्याकडे काही गोड आहे का, खा थोडं, वेळ लागणार आहे.

शेवटी दिवे लागले. आधी एक लुकलुकला, मग दुसरा, मग पाचही स्थिर, हिरवे. मी घरात जाऊन माझ्या फोनवरून त्यांचा नंबर फिरवला आणि खाली घंटी वाजली. तोच करडा बटणांचा फोन, तीच घंटी.

"नेगेले," ते म्हणाले, जसे आयुष्यभर म्हणत आले तसे.

"मी अम्ब्रोस, वरून बोलतेय."

"कोणाशी बोलायचंय?"

"तुमच्याशीच. लागतोय का ते बघायला केला."

"लागतोय," ते म्हणाले. मग लगेच, "हे पाच दिवे असेच जळत राहणार का?"

मी म्हटलं, माझ्याकडे कपाटात आहेत, मी बघत नाही. हे मी बोलायला नको होतं, कारण ते घाबरून म्हणाले, "कपाटात जळतात? आणि कोणी बघतसुद्धा नाही?"

त्यानंतर दिवस गेले. रोसविटाबाईंचा फोन आला नाही. सुरुवातीला नेगेले रोज दाढी करून बसायचे. मग दाढी राहू लागली. जिना झाडायची त्यांची पाळी होती आणि कोपऱ्यात धूळ तशीच होती. ती मी पाहिली तेव्हा मला खरी काळजी वाटली. माझ्या रोजनिशीत त्या दिवशी हवामानाखाली एवढंच आहे: जिना अस्वच्छ, नेगेले जेवत नाहीत.

मी आलुबुखाऱ्याचा केक केला आणि त्यांना बोलवायला फोन लावला. गुडघ्यांमुळे मी जिना फार चढत-उतरत नाही. पलीकडे एक गोड आवाजाची बाई म्हणाली, ही व्यक्ती सध्या उपलब्ध नाही. मी पुन्हा लावला. तीच बाई. मग मी गुडघ्यांना समजावलं आणि खाली गेले. नेगेले फोनशेजारी खुर्चीत बसलेले. डबा समोर. दिवा एकही नाही. डब्याची वायर लाल बटणाच्या पट्टीत.

"अहो नेगेले, हे बंद आहे."

"आत्ता कोणाला फोन करायचा नाहीये मला."

"पण कोणाला तुम्हाला करायचा असेल तर?"

"मग वाजेल ना. वाजला की बटण दाबतो. म्हणून तर इथे बसलोय."

"वाजेल कसा?"

"जुना वाजायचाच की. जुना कुठे विजेला लावलेला होता?"

"जुन्याची वीज तारेतूनच यायची, कंपनीची. हा तुमच्या विजेवर चालतो. बंद असला की हा मेलेला."

नेगेले यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे, मग पट्टीकडे. ज्या माणसाने आयुष्य मीटर वाचण्यात घालवलं त्याला वीज कुठून येते हे मी सांगावं, याचं मला वाईटच वाटलं. ते उठले, बटण दाबलं, आणि डबा जागा होईपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो. त्याला बराच वेळ लागतो.

"किती दिवस मी असा बसलोय," ते म्हणाले. "ती रोज फोन लावून दमली असेल."

"आता चालू ठेवा."

"दिवसभर?"

"दिवसरात्र."

"रात्री कोण फोन करणार आहे?"

"ते तिला ठरवू दे."

मी त्या दिव्यांवर घालायला लोकरीची एक टोपी विणून दिली, म्हणजे झोपताना डोळ्यांवर यायचे नाहीत. त्यांनी ती परत केली. जळणारच आहेत तर निदान दिसू देत, म्हणाले.

त्या रात्रीपासून नेगेले यांनी डबा चालू ठेवला. रोज सकाळी मला खाली तळघराच्या दाराचा आवाज यायचा, ते मीटर बघून यायचे आणि डोकं हलवत जिन्याशी थांबायचे. "फिरतेय," म्हणायचे, जणू घरात कोणी आजारी आहे आणि ताप उतरत नाही. पण बटणाला हात लावला नाही.

तरी फोन आला नाही. शेवटी मीच म्हटलं, तुम्ही करा. ते म्हणाले, पुरुषाने विचारलं आहे, आता घाई केली तर बरं दिसत नाही. मी म्हटलं, घाई कसली, सफरचंदं उतरायला आली. मग त्यांनी केला. मी शेजारी उभी होते. त्यांनी नाव सांगितलं, ऐकलं, आणि फोन ठेवला.

"काय झालं?"

"कोणीतरी बाई आहे. म्हणाली त्या उपलब्ध नाहीत. शहरी बाई वाटते, इकडची नाही."

"नेगेले, ती बाई कंपनीची आहे. नुसता आवाज आहे. तुमचा डबा बंद असला की तीच बोलते."

"माझ्या घरातून?"

"घरातून नाही हो. कुठूनतरी."

"आणि तिने रोसविटाबाईंना काय सांगितलं असेल, मी उपलब्ध नाही? मीच विचारलं आणि मीच उपलब्ध नाही?"

ते खुर्चीत बसले. त्यांच्यासमोर पाचही दिवे नीट जळत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "संपलं. नाही म्हणायचं असेल तिला, म्हणून उचलत नाही."

रविवारी जेवण झाल्यावर मी गाडी काढली. ते नाही नाही म्हणत होते, पण दाढी केलेली होती आणि कोटही घातलेला होता. निघताना सवयीने पट्ट्या बंद करू लागले. डब्यापाशी आले, हात पुढे गेला, परत घेतला. "रस्त्यात असताना केला तर?" म्हणाले.

"तुम्ही घरी नसाल. उचलणार कोण?"

"वाजू तरी दे. ती बाई बोलायला नको."

रोसविटाबाईंनी दार उघडलं आणि जागच्या हलल्या नाहीत. "बरं," त्या म्हणाल्या. "आता उपलब्ध झालात वाटतं."

"रोसविटाबाई, ती बाई माझी नाही," नेगेले म्हणाले.

"ते कळलं मला. मी तिला निरोप सांगत होते, तर मधेच बोलायची." त्यांनी आम्हाला आत घेतलं. टेबलावर केक आणि एकच कप होता. त्यांनी आणखी दोन काढले. "तीनदा केला. तिन्ही वेळा तीच. मला वाटलं, यांनी केकच्या भरात विचारलं आणि घरी जाऊन घाबरले."

"मी घाबरलो नाही. मी बटण बंद केलं होतं."

"कसलं बटण?"

त्यांनी सांगितलं. सगळं, आंघोळीच्या टबापासून. रोसविटाबाई कॉफी ओतायची थांबल्या. मग म्हणाल्या, "इकडे या." त्यांच्या मागोमाग आम्ही बोळात गेलो. तिथे छोट्या मेजावर तसाच डबा होता, दिवे विझलेले, लाल बटणाच्या पट्टीला लावलेला. पट्टी बंद.

"मला कोणाला करायचा असला की लावते," त्या म्हणाल्या. "झाला की बंद. उगाच कोण जाळत बसणार."

नेगेले यांनी खिशातून चष्मा काढला, वाकून ती पट्टी बघितली, तिच्या बटणावरून बोट फिरवलं. इतका सुखी माणूस मी फार पाहिलेला नाही.

"मग काल मी केला तेव्हा बंदच होता," ते म्हणाले.

"बंदच असणार. तुम्ही कराल असं मला काय माहीत? मी फोन करेन म्हटलं होतं, तुम्ही करायचा नव्हता."

"मी तेच म्हणत होतो यांना," नेगेले माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

आम्ही परत टेबलाशी बसलो. रोसविटाबाईंनी विचारलं, "आणि आता तुमचा बंद आहे?"

"चालू आहे."

"तुम्ही इथे असताना?"

"चालू आहे. गेल्या रविवारपासून बंद केला नाही."

"रात्री तरी केला असेल."

"नाही. तुम्ही केला तर वाजावा म्हणून."

त्यांनी कॉफीची किटली खाली ठेवली. मी माझ्या कपात बघत राहिले, कारण अशा वेळी दुसरीकडे बघावं एवढं मला कळतं. "रात्रीसुद्धा," रोसविटाबाई म्हणाल्या, आम्हाला नाही, स्वतःशीच. "माझा नवरा चांगला होता. पण मी रात्री गाडीने यायची असले तर जिन्यातला दिवासुद्धा लावून ठेवायचा नाही. म्हणायचा, तुला पायऱ्या पाठ आहेत." त्यांनी केकचा मोठा तुकडा कापला आणि नेगेले यांच्या ताटलीत ठेवला. मला मागच्या केकचा उरलेला तुकडा मिळाला.

"म्हणजे काय समजायचं?" नेगेले यांनी विचारलं.

"तुमचा फ्रिज कधीचा आहे?"

"गेर्लिंडे असतानाचा."

"मग तो जाईल. माझा नवीन आहे, कमी खातो. माझा येईल."

"माझा बिघडलेला नाही."

"बिघडलेला नसला तरी खातो. तुम्ही मीटरवाले, तुम्हाला मी सांगायचं?"

नेगेले यांनी विचार केला. त्यांनी बायकोच्या फ्रिजचा विचार केला असावा, कारण बोलायला वेळ लागला. "तो तळघरात ठेवू," ते शेवटी म्हणाले. "लावायचा नाही. सफरचंदं ठेवायला."

"न लावता ठेवायला माझी हरकत नाही," रोसविटाबाई म्हणाल्या. "आणि तो डबा आजच्या आज बंद करा. आता कशाला चालू हवाय? मी तर तिथेच असणार."

रोसविटाबाई ऑक्टोबरात आल्या, फ्रिज आणि शिवणयंत्र घेऊन. लग्न केलं नाही, केलं असतं तर त्यांचं विधवा पेन्शन बंद झालं असतं, आणि पाद्रीबाबांनी त्याबद्दल काही बोलू नये असं त्यांच्या चकतीवरून नेगेले यांचं मत पडलं. उन्हाची खोली आता रोसविटाबाईंची आहे. जिन्याचे कोपरे दोघं मिळून झाडतात, माझ्या पाळीलासुद्धा.

डबा बंद असतो. कोणाला फोन करायचा असला तरच लावतात, आणि दोघांनाही फारसा कोणाला करायचा नसतो. त्यामुळे उली कीलहून माझ्याकडे फोन करते. काल केला होता.

"काकू, बाबांना बोलवता का जरा?"

मी बिनतारी फोन घेऊन जिन्याच्या वळणावर गेले आणि हाक मारली. खालून रोसविटाबाई म्हणाल्या, "ऑयगेन, तुझा फोन वाजतोय," आणि नेगेले चपला सरकवत वर येऊ लागले.